ढोल ऐकू येतोय, मग दाखवतेस कशाला?

दाभोळच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत उभं राहिलं की एक गंमत दिसते. लांबवर, काठावर ओढून ठेवलेल्या होडीवर कोणीतरी खिळे ठोकत असतं. हातोडा खाली येतो, पण आवाज येत नाही. हातोडा परत वर जातो, तेव्हा कुठे ‘ठक्’ ऐकू येतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, त्यामुळे दीड-दोनशे मीटरवरचा घाव आधी दिसतो आणि अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो. लहानपणी मला वाटायचं, तो माणूस हातोडा वर नेताना आवाज काढतो.

हे आठवायचं कारण माझी फिल्म. फिल्म म्हणजे दोन मिनिटांचं ॲनिमेशन. शिमग्यात पालखीपुढे वाजणारा खालूबाजा मी फोनवर रेकॉर्ड केला होता. त्यावर आकार नाचवायचे ठरवले. ढोलाला तांबडा गोळा, टिमकीला पिवळे ठिपके, सनईला एक निळी रेघ. माणूस नाही, पालखी नाही, गोष्ट नाही. सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची नक्षी उघडायची, ढोलाचा घाव जिथे उंच दिसतो तिथे बरोबर गोळा फुगवायचा. तीन आठवडे रात्री जागून हे केलं. एकही घाव चुकवला नाही, याचा मला केवढा अभिमान होता!

त्या रेकॉर्डिंगमधला ढोल माझ्या थोरल्या काकांचा, म्हणजे तात्यांचा. त्यांना जेट्टीवरच फोन दिला. त्यांनी चष्मा वर सरकवून पूर्ण दोन मिनिटं बघितलं, फोन परत दिला आणि म्हणाले, “छान आहे गो. पण ढोल मला ऐकू येतोय की. तो परत दाखवतेस कशाला?”

मला राग आला. मग लाज वाटली. कारण प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतरचे काही महिने मी संगीतावर केलेले अमूर्त ॲनिमेशनपट शोधून शोधून पाहिले, ते या एका प्रश्नासाठी. त्यातल्या चार-पाच फिल्म्सबद्दल इथे लिहिते आहे. बहुतेक सगळ्या दहा मिनिटांच्या आतल्या आहेत. फेरीबोट येईपर्यंत एखादी सहज बघून होते.

आधी थोडा हिशेब. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एका मात्रेला १२ फ्रेम येतात. तीनतालाचं एक आवर्तन म्हणजे १६ मात्रा, १९२ फ्रेम, आठ सेकंद. म्हणजे ॲनिमेशन करणाऱ्याच्या हातात एक वहीच असते. कुठल्या फ्रेमवर कुठला बोल पडणार हे त्याला आधी माहीत असतं, आणि त्या घरात तो हवं ते चित्र ठेवू शकतो. निर्जीव वस्तू एकेका फ्रेमने सरकवून जिवंत करायची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या होत्या. पण काड्या या शेवटी काड्याच. नुसता गोल, नुसती रेघ, नुसता रंग पडद्यावर ठेवायचा आणि प्रेक्षकाने बघत राहायचं, यासाठी काहीतरी आधार लागतो. तो आधार बहुतेकांनी संगीताकडून घेतला. गाण्याला कोणी विचारत नाही, ‘याचा अर्थ काय?’ त्याच्या सोबत गेलं की चित्रालाही तो प्रश्न विचारला जात नाही.

या प्रकारातला मोठा माणूस म्हणजे जर्मनीतून हॉलिवूडला गेलेला ऑस्कर फिशिंगर. त्याचा ‘ॲन ऑप्टिकल पोएम’ १९३८ चा, सात मिनिटांचा, एमजीएम स्टुडिओसाठी केलेला. संगीत लिस्टच्या दुसऱ्या ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी’चं. नाव ओळखीचं वाटणार नाही, पण सूर तुम्ही नक्की ऐकला आहे. टॉम कोट घालून पियानो वाजवतो आणि जेरी पियानोच्या आत झोपलेला असतो, ते कार्टून आठवा. तेच हे संगीत. फिशिंगरने कागदाचे गोल, चौकोन, त्रिकोण कापले, तारांना टांगले आणि फ्रेमगणिक हलवले. सात मिनिटांत असे हजारो वेळा.

पहिल्यांदा बघताना मी थक्क झाले. दुसऱ्यांदा बघताना तात्यांचा प्रश्न मध्ये आला. सूर वर गेला की गोल वर, सूर धावला की गोल धावले. हे तर माझ्याच गोळ्यासारखं! मग तरीही ते कंटाळवाणं का होत नाही? तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा कळलं. पुढचे गोल मुख्य सुराबरोबर जातात, पण मागचे गोल आपल्याच नादात फिरत असतात. एखादा मोठा गोल लांबून हळूहळू जवळ येतो आणि त्याच्या येण्याचा कुठल्याच सुराशी संबंध नसतो. डोळ्याला निवड मिळते: याच्यामागे जायचं की त्याच्यामागे? जिथे ही निवड मिळत नाही, विशेषतः शेवटाकडे वाद्यवृंद जोरात आल्यावर, तिथे फिशिंगरही लिस्टचा हुकूम पाळणारा होतो. चित्र मोठं होत नाही, संगीत मात्र मोठं होत जातं.

हाच फिशिंगर पुढे डिस्नेच्या ‘फँटेसिया’साठी बाखच्या संगीतावर काम करत होता. स्टुडिओला त्याचे शुद्ध आकार पचेनात. आकार बदलून ते कशासारखे तरी दिसतील असे केले गेले. तो काम सोडून गेला, श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. ‘हे कशासारखं दिसतं?’ हा आग्रह किती जुना आहे आणि किती पैसेवाल्यांचाही आहे, हे त्यावरून समजतं.

दुसरा माणूस नॉर्मन मॅक्लॅरेन, कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डातला. त्याने आणि एव्हलिन लँबर्टने १९४९ साली ‘बिगॉन डल केअर’ केला. कॅमेरा नाहीच. फिल्मच्या पट्टीवर थेट रंग फासला, ओरखडे काढले. संगीत ऑस्कर पीटरसनच्या तिघांच्या जॅझ मंडळीचं. यात मला पकडून ठेवलं ते मधल्या संथ भागाने. काळ्या पडद्यावर फक्त बारीक उभ्या रेघा थरथरत असतात. पियानो एकेक सूर सोडतो आणि रेघ कधी सुराच्या आधी हलते, कधी नंतर. कधी सूर येतो आणि रेघ हलतच नाही. हलली नाही तेव्हा मी तो सूर नीट ऐकला, असं माझ्या लक्षात आलं. पीटरसन आणि मॅक्लॅरेन यांनी वाजवणं आणि चित्र कल्पिणं एकमेकांशी बोलत बोलत ठरवलं होतं. ते पडद्यावर कळतं. दोघांपैकी कोणीच नोकर नाही.

मग मॅक्लॅरेनने १९७१ साली ‘सिंक्रोमी’ केला आणि प्रश्न दुसऱ्या टोकाला नेला. जुन्या सिनेमाच्या फिल्मवर कडेला आवाजाची एक पट्टी असते. तिच्यातून प्रकाश जातो, पट्ट्यांच्या जाडी-बारकेपणाप्रमाणे तो कमी-जास्त होतो आणि त्याचा आवाज बनतो. म्हणजे आवाज हेही एक चित्रच असतं, फक्त ते आपल्याला दाखवत नाहीत. मॅक्लॅरेनने त्या पट्ट्यांचं चित्र उचललं, रंगवलं आणि पडद्यावर ठेवलं. जे ऐकतो तेच बघतो. यापुढे आवाज आणि चित्र जवळ येणं शक्यच नाही. ही फिल्म मला एकदा बघायला फार आवडली. पुन्हा बघाविशी मात्र वाटली नाही. तिच्यात अंतरच नाही, त्यामुळे वाटही बघावी लागत नाही.

इथवर मी परदेशातच फिरत होते. मग कळलं की आपल्या मुंबईत हे सगळं घडून गेलं आहे, आणि घडलं ते अगदी उलट्या दिशेने.

चित्रकार अकबर पदमसी यांना १९६९ साली जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांतून त्यांनी मुंबईत नेपियन सी रोडला ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार आणि सिनेमावाले एका छताखाली येऊन एकमेकांची हत्यारं वापरून बघत. नलिनी मलानी, मणी कौल, कुमार शहानी अशी पुढे मोठी झालेली नावं तिथे वावरली. तिथेच पदमसींनी ‘सिझिजी’ हा ११ मिनिटांचा अमूर्त ॲनिमेशनपट केला. ॲनिमेशनसाठी सोबत होते राम मोहन, मुंबईच्याच फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेले. रेघा, बिंदू, भूमितीचे आकार. आकड्यांच्या मांडणीतून निघालेली सुमारे हजार रेखाटनं. आणि संगीत? नाही. फिल्म मूक आहे.

मी ती फोनवर लावली तेव्हा पहिल्यांदा आवाजाचं बटण दाबलं. मग ब्लूटूथ बघितलं. आवाज येत नाही म्हणजे फोनचं काहीतरी बिघडलं, असंच आपल्याला वाटतं ना? आवाज नाहीच हे कळल्यावर तिसऱ्या मिनिटाला मी फिल्म बंद केली. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी एक आगाऊपणा केला. ‘सिझिजी’ लावली आणि दुसऱ्या फोनवर तबल्याच्या रियाजाचा लेहरा लावला. कमाल झाली! रेघा तबल्यावर नाचायला लागल्या. समेवर आकार फुटला, तिहाईवर तीन बिंदू आले. मग लेहरा बंद करून माझा खालूबाजा लावला. तोही जुळला! मग एक सिनेमातलं गाणं लावलं. तेही जुळलं.

तात्यांच्या प्रश्नाच्या उत्तराची पहिली पायरी मला इथे सापडली. डोळा आणि कान हे दोघे फार लबाड आहेत. काहीही शेजारी ठेवा, ते जुळवून घेतात. जुळलेले दहा घाव लक्षात ठेवतात, न जुळलेले पन्नास विसरतात. म्हणजे ‘बघा, कसं बरोबर जुळलंय’ यात करणाऱ्याची कर्तबगारी थोडी आणि बघणाऱ्याची सवय जास्त. तुमच्या फोनवरच्या रील आठवा. ठेक्यावर दृश्य बदलायची सोय ॲपमध्येच असते, एका बोटाने होते. मी तीन आठवडे जागून जे केलं होतं ते ॲप तीन सेकंदात करतं.

संगीत काढून टाकून मी ‘सिझिजी’ पुन्हा, या वेळी पूर्ण पाहिली. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ११ मिनिटांच्या पंधरा हजारांवर फ्रेम होतात आणि रेखाटनं हजाराच्या आसपास. सरासरी एका चित्राला सोळा-एक फ्रेम. म्हणजे चित्र येतं, थांबतं, जातं. कुठे पटकन, कुठे रेंगाळून. हे थांबणंच तिचा ठेका आहे. पाचव्या-सहाव्या मिनिटाला माझा श्वास त्या थांबण्याशी जुळल्यासारखा झाला. लेहरा चालू असताना हा ठेका मला दिसलाच नव्हता, कारण तबल्याने तो झाकून टाकला होता.

फिल्म निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पदमसींचा आकड्यांवर विश्वास जरा जास्तच आहे. मांडणीमागचा नियम त्यांना माहीत आहे, मला नाही, आणि तो मला कळावा अशी सोय ते करत नाहीत. गवई ताल मोडतो तेव्हा मजा येते, कारण ताल मलाही माहीत असतो. इथे काही जागा अशा येतात की नियम मोडला की पाळला हेच समजत नाही, आणि तेवढा वेळ फिल्म माझ्याशी बोलायची थांबते. तरीही, जिने संगीताचा आधार सोडून पायावर उभं राहून दाखवलं, ती फिल्म म्हणून ‘सिझिजी’ मला फिशिंगरपेक्षा धीट वाटते.

त्यानंतर पदमसींनी संगीत घेतलं. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ ही सहा मिनिटांची रंगीत फिल्म. स्वतःच्याच एका चित्रातले आकार आणि रंग त्यांनी प्रकाशातून पुन्हा उभे केले. इलेक्ट्रॉनिक संगीत गीता साराभाई यांचं. त्या पखवाज शिकलेल्या होत्या. १९४६ साली अमेरिकेत जॉन केज यांना त्यांनी भारतीय संगीत शिकवलं आणि बदल्यात पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं. पखवाज जाणणारी बाई अमूर्त फिल्मला संगीत देते, ही गोष्ट मला फार योग्य वाटते, कारण साथ म्हणजे काय हे तिच्या हाताला माहीत असणार.

पण त्या फिल्मची एकमेव प्रत हरवली. दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी म्हाताऱ्या पदमसींना सोबत घेऊन ती आठवणीतून पुन्हा उभी केली आणि त्याच नावाची फिल्म २०१६ साली आणली. ती जरूर बघा, पण ती हरवण्याबद्दलची फिल्म आहे. मूळ फिल्मची जागा ती घेत नाही, घ्यायला बघतही नाही. पदमसी २०२० साली गेले. मुकी फिल्म राहिली आणि गाणारी गेली.

आता ‘सिझिजी’ या नावाकडे येते. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत येणं म्हणजे सिझिजी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एका जुवाला जुंपणं, आणि त्यातला ‘झिगॉन’ व आपलं ‘जू’ हे एकाच कुळातले शब्द आहेत. मराठीत आपण युती म्हणू. पण दाभोळच्या माणसाला यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला खाडीला उधाण येतं, जेट्टीच्या वरच्या पायऱ्या पाण्यात जातात. ती सिझिजी. मग दिवसागणिक सूर्य-चंद्राची ओढ तिरकी होत जाते आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती येते, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. रोज भरतीची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पंधरा दिवसांनी पुन्हा ओळ जुळते, पुन्हा उधाण.

रोजच अमावास्या असती तर? रोज तेवढंच पाणी चढलं असतं आणि त्याला आपण उधाण म्हटलंच नसतं. युतीला जोर येतो तो मधल्या दिवसांमुळे.

माझ्या फिल्ममध्ये दोन मिनिटं सलग अमावास्या होती.

आपल्या गाण्यात हे शहाणपण आधीपासून आहे. पेटीवाला गायकाच्या मागे जातो, किंचित मागे. तबलजी ठेका धरून असतो, गायकाची प्रत्येक तान बोटांनी वाजवून दाखवत नाही. आणि सम आली की सगळे एकत्र येतात, तेव्हा बैठकीतली मान आपोआप हलते. सोळा मात्रांत ती एकच. जो साथीदार प्रत्येक मात्रेला गायकाशी जुळायला बघतो, त्याला आपण चांगला म्हणत नाही. तो नक्कल करतो, साथ करत नाही. अमूर्त ॲनिमेशन बघताना मी आता हीच कसोटी लावते. चित्र संगीताची साथ करतंय की नक्कल? संगीत नसताना त्याला स्वतःची लय आहे का? आणि दोघं एकत्र येतात तेव्हा ती सम वाटते का? फिशिंगर बहुतेक वेळा या कसोटीला उतरतो, मॅक्लॅरेन ‘बिगॉन डल केअर’मध्ये पूर्ण उतरतो, ‘सिंक्रोमी’मध्ये तो कसोटीच रद्द करून टाकतो. पदमसींनी साथ नाकारून एकल वाजवलं.

कोणी म्हणेल, नक्कल केली तर बिघडलं काय, बघायला छान वाटतं ना? वाटतं. मलाही वाटतं. पण माझ्याबाबतीत एक बिघाड झाला होता. प्रत्येक घावाला डोळ्यासमोर काहीतरी फुगत राहिलं की कान आळशी होतो. ढोल कसा वाजला हे मी ऐकणं बंद केलं होतं, तो कुठे वाजला एवढंच मोजत होते. माझ्या काकांचा हात, तोही शिमग्यातला, माझ्यासाठी स्क्रीनवरची टोकं झाला होता.

फिल्म मी पुन्हा केली. ढोलाचा गोळा काढून टाकला. निळ्या रेघेला सनईपासून सोडवलं, तिला पाण्यासारखं आपलं आपण चढू-उतरू दिलं. खालूबाजाची लय वाजवता वाजवता वाढत जाते, ती कुठल्याही ठरावीक फ्रेमांच्या घरात बसत नाही, म्हणून चौकट टाकणंच सोडलं. दोन मिनिटांत फक्त तीन ठिकाणी रेघ आणि ढोल एकत्र येतात. बरी झाली आहे का? माहीत नाही. पहिलीपेक्षा कमी चकचकीत आहे हे नक्की.

तात्यांना पुन्हा जेट्टीवरच गाठलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, बघायला लागले. अर्ध्यात त्यांची बोटं कठड्यावर वाजायला लागली. मग एकदम थांबली. त्यांनी मला मागे न्यायला लावलं, पुन्हा ऐकलं.

“हा ढोल माझाच ना?”

“हो.”

“इथे हात जड पडलाय,” ते म्हणाले. “मागल्या वेळी ऐकू आलं नव्हतं.”

फेरीबोट लागली होती. फोन माझ्या हातात देऊन ते गाड्यांच्या रांगेतून पुढे गेले. मी तिथेच उभी राहून ती जागा पुन्हा लावली. खरंच, हात जड पडला होता.